कंपनी बघण्याचा कार्यक्रम

वार्षिक अहवाल मागून वाचायचा, हे मी कर्जतच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पोरांना गेली अठरा वर्षं सांगत आले आहे. पुढची पानं कंपनी हौसेनं लिहिते, मागची तिच्याकडून कायदा लिहून घेतो. पुढे हिरवीगार झाडं, हेल्मेट घालून हसणारे कामगार आणि अध्यक्षांचं पत्र. मागे बारीक अक्षरातल्या टिपा. जे काही खरं असतं ते टिपांमध्ये असतं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की गॅदरिंगमध्ये पोरं माझी नक्कल करतात ती ह्याच वाक्यानं सुरू करतात. मला राग येतो, पण नक्कल चांगली असते. म्हणून पुढचं सांगायला मला जरा लाजच वाटते.

सगळं सुरू झालं ते आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. कळंबला राहते, एकटी. आमचे मामंजी, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बारा वर्षं झाली. पळसदरीच्या बाजूला आमचा वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा होता. धरणाकडे तोंड करून बंगले बांधणाऱ्या कुणीतरी तो घेतला. असं काही विकायचं झालं की आमच्याकडे बहिणींना बोलावतात, हक्कसोड पत्रावर सही घेतात, साडी देतात, गोडाचं जेवण घालतात आणि बहीण डोळे पुसत सासरी जाते. आत्या आली. साडी घेतली, जेवली, कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "साडी चांगली हाय रं दादा. सही नाय करत." मग रिक्षात बसून कळंबला निघून गेली. बाबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आलेल्या पैशांची वाटणी केली. बाबा वाईट नाहीत, त्यांना कुणीतरी नाही म्हणावं लागतं, इतकंच.

आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या एकटीच्या नावावर काही आलं होतं आणि त्याचं काय करायचं हे तिला एकटीलाच ठरवायचं होतं. सल्ले देणारे पुष्कळ निघाले. दिराच्या मुलांनी तर रिसॉर्टचं रंगीत चित्रच आणून दाखवलं. त्यात पोहण्याचा तलाव होता, झोपाळे होते आणि आत्याच्या वाट्याला स्वयंपाकघर होतं. आत्या तडक दहिवलीला आमच्या घरी आली.

"तू ती जाड पुस्तकं वाचतेस ना गं," ती मला म्हणाली. "मला एक कंपनी बगून दे."

मी तिला नीट समजावलं. निम्मे पैसे बँकेत मुदतीनं ठेव, बाकीच्यांचा म्युच्युअल फंड घे. बँकेचं तिला पटलं. फंड म्हणजे काय, तर पुष्कळ कंपन्या एकत्र, असं मी सांगितल्यावर म्हणाली, "एक धड बगून हुईना, पुष्कळ कशाला?" तिच्या दोनच अटी होत्या. कंपनी लांबची नको, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय होकार नाही. "एकदा न बगता हो म्हटलंय," ती म्हणाली. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं असं काहीबाही बोलत असतात, असं मला तेव्हा वाटलं.

मला खरं तर आनंदच झाला होता. अठरा वर्षं मी अहवाल वाचते आहे आणि आमच्या घरात कुणी त्याला काम समजलेलं नाही. मी चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. मी अहवाल वाचत बसले की बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "तिचं वाचन चाललंय," आणि आवाज असा, की घरात कुणी आजारी आहे. आता कुणीतरी मला विचारत होतं. शेअरबाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या अहवालात एका पानावर तिचे कारखाने कुठेकुठे आहेत ते पत्त्यांसकट दिलेलं असतं. त्या पानासाठी मी आठवडाभर अहवाल उपसले आणि एक कंपनी काढली. मध्यम आकाराची, कर्ज बेताचं, लाभांश दर वर्षी. एक कारखाना गुजरातेत, एक दक्षिणेत आणि एक आमच्या शेजारी, खालापूर तालुक्यात. पत्त्यात सर्व्हे नंबरसुद्धा होता.

झेरॉक्सवाल्यानं अडीचशे पानं छापून स्पायरल घालून दिलं आणि विचारलं, "मॅडम, कादंबरी का?" मी म्हटलं, तसंच समज.

मग तीन रविवार आम्ही तिघं, मी, बाबा आणि आत्या, आमच्या पुढच्या खोलीत ते स्पायरल मध्ये ठेवून बसलो. आत्याला इंग्रजी येत नाही. मी वाचून मराठीत सांगायचे आणि ती स्थळाला विचारतात तसे प्रश्न विचारायची.

"भाऊ किती?"

हे अहवालात असतंच, संचालकांचं आपसातलं नातं द्यावं लागतं. थोरला भाऊ अध्यक्ष, धाकटा व्यवस्थापकीय संचालक, थोरल्याची बायकोही संचालक मंडळावर.

"आनि धाकटी जाऊ?"

ती मंडळावर नव्हती. आत्यानं ते पान बोटानं दाबून धरलं. "हितं भांडन हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आत्या, असं काही नसतं. पण जुने अहवाल काढून पाहिले तर दोन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ मंडळावर होती आणि तिनं वैयक्तिक कारणास्तव राजीनामा दिला होता. एवढ्या वर्षांत हे नातं तपासायचं मला कधी सुचलं नव्हतं. तुम्ही पोरांना नक्की शिकवता काय, हे आत्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

अध्यक्षांचा फोटो बघून ती म्हणाली, "ह्याला झोप लागत नाय." झेरॉक्समध्ये सगळ्याच संचालकांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे पडले होते, हे मी तिला सांगितलं, तरी तिनं मत बदललं नाही. मग कोर्टकचेरीचं विचारलं. कराचे वाद दोन पानं भरून होते. मला वाटलं इथे अडतंय, पण बाबा म्हणाले, "कोरटात काय नसलेलं घर आपल्यात एक तरी दाखव," आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

"पन करतात काय ते?" आत्यानं विचारलं.

मी अध्यक्षांच्या पत्रातलं वाक्य वाचलं. कंपनी ग्राहककेंद्री, एकात्मिक, भविष्यवेधी वेष्टन समाधान पुरवत होती.

"म्हंजी?"

"म्हणजे, ज्यात वस्तू घालून देतात ते."

"पिशवी?"

"असेल."

"का खोका?"

"तेही असेल."

"दोनी लागतात," बाबा म्हणाले, आणि आम्ही पान उलटलं.

इतकी मजा मला कॉलेजात कधी आली नव्हती. आत्या विचारेल तेवढ्याच टिपा मी मागे जाऊन उघडत होते आणि लगेच पुन्हा पुढच्या पानांवर, फोटोंवर, जावांवर येत होते. बाकीच्या टिपा सावकाश बघू, असं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

चौथ्या रविवारऐवजी आम्ही एका शनिवारी कंपनी बघायला निघालो, कारण रविवारी कंपनीला सुट्टी. माझी छोटी गाडी, मी चालवायला, बाबा शेजारी, मागे आत्या. आत्यानं बाबांनी दिलेल्या साडीचीच घडी मोडली होती, ती हक्कसोडीची. निघताना तिनं दारातच थांबवलं. शुभकामाला तिघांनी जायचं नाही. चौथं माणूस आणायचं कुठून, म्हणून तिनं देवासमोरची एक सुपारी उचलली, तिला नमस्कार केला आणि बटव्यात टाकली. आता आम्ही चार झालो.

इथे बाबांची एक खोड सांगायला हवी. ते कुणाचंही घर, दुकान, दवाखाना नावानं विचारत नाहीत, सर्व्हे नंबर विचारतात. माझा दहिवलीतला दाताचा डॉक्टरही त्यांनी सर्व्हे नंबरावरून शोधून काढला होता. डॉक्टरला स्वतःला तो नंबर माहीत नव्हता. "नाव कोनीबी लावतं," बाबा म्हणतात. "नंबर हालत नाय." त्या दिवशी त्यांनी मांडीवर मोबाईल ठेवून जमिनीचा नकाशा उघडला होता आणि प्रत्येक वळणावर वाटेतल्या माणसांना नंबर सांगत होते. माणसं घाबरून शेतात बघायची. त्यांना वाटायचं मोजणी आली.

शेवटी एका निळ्या फाटकाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली. फाटकावर पाटी नव्हती. पाटीच्या जागी दोन बोल्ट आणि चौकोनी फिकट डाग होता. टेंपो मागे घेताना कुणीतरी ती तोडली होती म्हणे. मी वॉचमनला कंपनीचं नाव विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी खिडकीतून नंबर सांगितला.

"हाच," वॉचमन म्हणाला.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गाडी बंद केली.

"किती जन?" वॉचमननं रजिस्टर उघडत विचारलं.

"चार," आत्या म्हणाली.

त्यानं न बघताच चार पास फाडले. कामाचं स्वरूप विचारल्यावर बाबांनी सांगितलं, "बगायला आलोय." त्यानं तसंच लिहिलं.

आतून एक तरुण अधिकारी अक्षरशः धावत आला. "या, या," तो म्हणाला, "मी तुमचीच वाट बघत होतो. साहेबांनी सांगितलंय, गावातल्या मंडळींना काही त्रास होता कामा नये." आम्हाला पंख्याखाली बसवलं. चहा आला, बिस्किटं आली, मग पुन्हा चहा आला. आत्या माझ्या कानात म्हणाली, "अजून एक शेअर घेतला नाय, तवा एवढा मान." मलाही भरून आलं. भागधारकांशी नातं जपण्याबद्दल अहवालात एक अख्खं पान होतं आणि मी ते आजवर बडबड समजत होते.

मग त्यानं कारखाना दाखवला. पुठ्ठ्याचे खोके बनत होते. आत्यानं एक खोका उलटा ठेवायला सांगितला आणि त्याच्यावर बसली. खोका दबला नाही. तिनं मान हलवली. मग बायकांचा संडास कुठे आहे ते विचारलं आणि एकटीच जाऊन बघून आली. "तेवढं बगितलं की घर कळतं," ती म्हणाली. संडास पास झाला. मी माझ्या परीनं चौकशी करत होते. वाहतुकीचं काम कुणाकडे आहे, असं विचारलं, तर तो म्हणाला, मालकांच्या मेहुण्यांकडे. अहवालातही वाहतुकीचा खर्च एका नातेवाइकाच्या फर्मला दिलेला होता. मी वहीत बरोबरची खूण केली. प्रत्येक कारखान्यात कुणाचा तरी मेहुणा वाहतूक बघतच असतो, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

निघताना अधिकारी हात जोडून म्हणाला, "नाल्याचं काम दिवाळीच्या आत करून देतो, काळजी करू नका."

"करा, करा," बाबा उदारपणे म्हणाले. सामाजिक जबाबदारीचा खर्च, असं मी त्यांना हळूच समजावलं.

फाटकाशी वॉचमननं पास परत मागितले. आम्ही तीन दिले.

"चौथा मानूस?"

"हाय की," आत्यानं बटवा दाखवला.

"बाहेर काडा त्याला."

आत्यानं सुपारी काढून त्याच्या टेबलावर ठेवली. वॉचमननं सुपारीकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं आणि कुणालाही बाहेर सोडायचं नाही असं ठरवलं. त्याचं म्हणणं एकच होतं, की चार आत गेले आणि तीन बाहेर चाललेत. आत्याचंही म्हणणं एकच होतं, की चार आत गेले आणि चारच बाहेर चाललेत. दोघंही खरं बोलत होते, म्हणून मिटत नव्हतं. शेवटी वॉचमन चौथ्याला शोधायला स्वतः आत गेला, तेव्हा अधिकाऱ्यानंच येऊन फाटक उघडलं. ह्या गडबडीत सुपारीचा पास आत्याच्या बटव्यातच राहिला.

घरी येताना गाडीत आत्या गात होती. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

पुढचा आठवडा खातं उघडण्यात गेला. मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा, असं फोन सांगायचा आणि आत्या म्हणायची, परक्या माणसाला का म्हनून? पाचव्या वेळी झालं. सोमवारी बाजार उघडला की खरेदी करायची, असं ठरलं. शनिवारी ती सगळ्या सह्या करून उठली, बटव्यातून तो गेटपास काढला, घडी सरळ केली आणि माझ्या हातात दिला. "पयला कागद हाय," ती म्हणाली. "त्या पुस्तकात लावून ठेव." मी स्पायरलच्या पहिल्या पानाला तो टाचणीनं लावला. वर पासावर छापलेलं कंपनीचं नाव, खाली अहवालावरचं कंपनीचं नाव. दोन नावं होती. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आत्याला इंग्रजी येत नव्हतं. "नीट लागला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, लागला.

रविवारी सकाळी बाबा आत्याकडे जेवायला म्हणून कळंबला गेले, मला दुपारपर्यंत यायला सांगून. मी स्कूटर काढली आणि आधी खालापूर गाठलं. त्या निळ्या फाटकापासून तीसेक पावलांवर दुसरं फाटक होतं, तेही निळं, पण वेलीनं झाकलेलं. त्याच्यावर पाटी होती. वेल बाजूला केली तर आमच्या कंपनीचं नाव निघालं. सर्व्हे नंबर तोच. बाबांचा नंबर चुकला नव्हता. त्या नंबरात दोन पोटहिस्से, म्हणजे जमिनीचे दोन वेगळे तुकडे, होते आणि अहवालवाल्यांनी पोटहिस्सा लिहायचे कष्ट घेतले नव्हते. आतला वॉचमन शेळीला पाला घालत होता. "बंद हाय," तो म्हणाला. "होळीपासनं. इकायला काडलीय."

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोबाईलवर अहवाल उघडला आणि मागून वाचायला लागले. चौथ्या मिनिटाला सापडलं. विक्रीसाठी ठेवलेली मालमत्ता: खालापूर येथील प्रकल्प. दोन ओळींची टीप. कंपनीनं काही लपवलं नव्हतं. सगळं छापलं होतं, जिथे मी अठरा वर्षं पोरांना बघायला सांगते आहे तिथे.

कळंबच्या वाटेवर मी पुष्कळ विचार केला आणि त्यातला बराचसा नीच होता. आत्याला कशातलं काही कळणार नव्हतं. मी उद्या गुपचूप दुसरी एखादी बरी कंपनी घेऊन दिली असती, तर लाभांश आला असता, तिनं तो खोक्यांचा समजून घेतला असता आणि सगळे सुखात राहिले असते. घरात पहिल्यांदा माझ्या वाचनाला किंमत आली होती. ती मला घालवायची नव्हती. हे मी स्वतःशी कबूल केलं तोपर्यंत कळंब आलं होतं.

आत्यानं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. बाबा ओटीवर पाट मांडत होते. मी हात धुतले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आपण भलत्या कंपनीत गेलो होतो. आपली कंपनी शेजारची होती, ती बंद आहे. आणि हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. चूक माझी आहे.

मग आत्यानं विचारलं, "तो चा देनारा साहेब आपला नाय?"

"नाही."

"आनि तो नाला?"

"नाल्याचं मला माहीत नाही, आत्या. कुणाचा तरी असेल."

"त्याचीच कंपनी घे मंग. सौंडास चांगला हाय त्याचा."

"ती बाजारात नाही. घरातल्या घरात आहे. बाहेरच्याला मिळत नाही."

आत्या खाली बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं ओटीवरून समोर बोट केलं. समोर तिच्या चुलत दिराचं घर आहे. मोठं, कौलारू, दोन्हीकडे पडवी. लहानपणापासून मी ते बघते आहे.

"माझं लगीन ठरवायला आपली मानसं आली ना," ती म्हणाली, "ती त्या घरात बसली. नाव इचारत आली. ह्या आळीत सगळ्यांचं आडनाव एकच. त्या लोकांनी पोहे दिले आनि तुझ्या मामंजीला हाक मारून दाखवला. पोरगा खरा व्हता. घर भलतं व्हतं. ही मानसं कौलं मोजून परत गेली."

मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

"लगनाआधी आठ दिस कळलं आमच्या म्हाताऱ्याला. पत्रिका वाटून झालेल्या. गप बसा म्हनाला सगळ्यांना, पोरीला सांगू नका. मी वरातीतनं उतरले आनि त्या पायरीकडं चालाय लागले. सगळी बगत व्हती. मंग कोनीतरी हात धरून मला हिकडं वळवली." ती थोडा वेळ समोरच्या कौलांकडे बघत राहिली. "मानूस चांगला मिळाला, ते येगळं. पन कोनी सांगितलं असतं तर मी त्याला बगून हो म्हटलं असतं. तो हो माझा असता गं." मग माझ्याकडे वळली. "तू आदी सांगितलंस."

बाबा हातात पाट धरून तसेच उभे होते. त्या वेळी ते वीस वर्षांचे असणार. बघायला आलेल्या माणसांत ते होते, हे मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच कळलं.

"पोहे मीबी खाल्ले व्हते," बाबा म्हणाले. "तवापासनं मी नाव इचारत नाय. नंबर इचारतो."

आत्यानं त्यांच्या हातातून पाट घेतला, खाली ठेवला आणि त्यांना दंडाला धरून त्याच्यावर बसवलं.

"पोटहिस्सा पन इचारायचा रं, दादा," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात बिरडं वाढलं.